माज चुकला की एकवीस दिवस गेले : गोठ्यातल्या तारखांचं गणित

आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. ज्यांना प्रवासात नाहीतर ऑफिसात ऐकणं जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीसारखा थोडा नीटनेटका करून इथं देतोय.

सुरुवातीला एक साधा प्रश्न. म्हैस दूध का देते? पेंड घातली म्हणून? चांगल्या जातीची आहे म्हणून? ही उत्तरं नंतरची. पहिलं उत्तर म्हणजे ती व्याली म्हणून. व्याली नाही तर जातिवंत मुऱ्हासुद्धा नुसती वैरण खाऊन उभी राहते. दुधाचा दर, फॅट, पेंडेचा भाव यावर आपण तासभर बोलतो. पण म्हैस पुन्हा गाभण कधी राहिली, याच्यावर अख्ख्या वर्षाचा हिशोब उभा असतो. त्यावर मात्र आपल्यासारखी पोरं फारशी बोलत नाहीत. एक तर विषय लाजेचा वाटतो आणि दुसरं म्हणजे तो "घरच्यांचा" वाटतो.

मी बीटेक करून पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. गावाकडे सांगली जिल्ह्यात आमच्या तीन म्हशी आणि एक संकरित गाय आहे. गोठा आई बघते. मी जनावरांचा डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं नाव आणि डोस या भागात मिळणार नाही. ते काम डॉक्टरांचं. मी बोलणार आहे ते तारखांबद्दल. कारण तारखा सांभाळायला गोठ्यात उभं राहावं लागत नाही, ते काम शहरात बसूनही होतं.

वर्षाचं गणित

गायीचा गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा आणि म्हशीचा साधारण ३१० दिवसांचा. व्याल्यानंतर गर्भाशय मूळ आकारावर यायला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात. म्हणून पहिले ६० दिवस जनावर भरवायचं नाही, त्याला सावरू द्यायचं. साठ ते नव्वद दिवसांच्या दरम्यान ते गाभण राहिलं पाहिजे.

आता मांडून बघा. म्हैस १ सप्टेंबरला व्याली. ३१ ऑक्टोबरला ६० दिवस झाले. ३० नोव्हेंबरपर्यंत ती गाभण राहिली, तर त्यात ३१० दिवस मिळवून पुढच्या वर्षी ६ ऑक्टोबरच्या आसपास पुन्हा विणार. दोन वेतांत ४०० दिवसांचं अंतर, म्हणजे तेरा महिने. चांगल्या गोठ्याचं हे लक्षण. गायीचा गाभणकाळ कमी असल्यामुळे तिचं अंतर बारा-तेरा महिन्यांत बसतं.

पण नोव्हेंबरमधला माज हुकला तर? जनावर साधारण दर २१ दिवसांनी माजावर येतं (१८ ते २४ दिवस धरून चाला). एक माज चुकला की तीन आठवडे थांबायचं, दुसरी वाट नाही. भाकड म्हशीला रोजचा १८० रुपये खर्च धरला तर २१ दिवसांचे ३,७८० रुपये झाले. हा आकडा फक्त समजायला घेतलाय, तुमच्या घरचा टाका. असे तीन माज गेले तर ६३ दिवस आणि अकरा हजारांच्या वर. हे पैसे कुणी चोरले नाहीत, कुठं बिल आलं नाही, त्यामुळे ते गेलेले दिसतही नाहीत.

आणि म्हशीच्या बाबतीत खरा धोका याच्या पुढे आहे. म्हैस दिवस लहान व्हायला लागले की जास्त माजावर येते. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत तिचा हंगाम. उन्हाळ्यात माज कमी होतो किंवा दिसतच नाही, कारण काळी कातडी, घामाच्या ग्रंथी कमी आणि अंगात उष्णता साठलेली. म्हणजे नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी हातचे गेले की तोटा २१ दिवसांवर थांबत नाही, कधी कधी गाडी थेट पावसाळ्यानंतरच्या माजावर जाते. अशीच म्हैस मग "ही काही फळत नाही" म्हणून बाजार दाखवली जाते. तिच्यात दोष असतोच असं नाही. बऱ्याचदा तिचा माज कुणी बघितलेलाच नसतो.

मुका माज ओळखायचा कसा

गायीचा माज ओळखणं त्यातल्या त्यात सोपं. ती हंबरते, अस्वस्थ होते, दुसऱ्या गायीवर उडते. पक्की खूण एकच, दुसरी गाय अंगावर चढली तरी ती न हलता उभी राहते. योनीतून काचेसारखा स्वच्छ, तार धरणारा सोट येतो. तोच सोट शेपटीला नि मागच्या मांड्यांना वाळून चिकटलेला दिसतो.

म्हैस असला गाजावाजा करत नाही. एकमेकींवर उडणं म्हशींमध्ये कमीच. सोट येतो, पण थोडा येतो आणि बऱ्याचदा ती बसलेली असताना पडतो, म्हणून उठल्यावर बसायची जागा बघायची. बाकीच्या खुणा बारीक असतात. रेकणं, थोडं थोडं आणि वारंवार मुतणं, वैरणीवरचं लक्ष उडणं, योनीची सूज, धारेला अचानक कमी दूध किंवा अवेळी पान्हा. ही लक्षणं जास्त करून रात्री आणि पहाटे दिसतात. आपण सकाळी आठला चहा घेऊन गोठ्यात जाईपर्यंत खेळ संपलेला असतो. यालाच मुका माज म्हणतात. मुका असला तरी तो माजच, बघणारा मात्र पाहिजे.

उपाय फुकटचा आहे. दिवसातून तीनदा, त्यातही पहाटे पाच-सहाला आणि रात्री झोपण्याआधी, पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघायचं. त्या वेळी झाडलोट नको, धार नको, मोबाइल तर नकोच. आमच्या गोठ्यात हे आई करते. तिचं वाक्य सांगतो, "म्हस बोलत न्हाई, पर शेपटी बोलती." सेन्सर, कॉलर, पायातलं घड्याळ हे सगळं मोठ्या फार्मवर असतं आणि त्यांची किंमतही तशीच असते. दोन-चार जनावरांच्या गोठ्यात अजून तरी माणसाच्या डोळ्याला तोड नाही.

एक खूण अजून. काही गायींना, विशेषतः कालवडींना, माजानंतर दुसऱ्या दिवसाच्या आसपास योनीतून थोडं रक्त दिसतं. घरात लगेच कुणीतरी म्हणतं, "गेलं, राहिली नाही." या रक्ताचा गाभण राहण्या-न राहण्याशी संबंध नाही. त्याचा अर्थ इतकाच की माज होऊन गेला. रेतन झालेलं नसेल तर तारीख लिहा आणि तिथून अठरा-एकोणीस दिवसांनी डोळे उघडे ठेवा.

सकाळी दिसला तर संध्याकाळी

आता वेळेचा मुद्दा. गायीचा माज साधारण १२ ते १८ तास टिकतो. गंमत म्हणजे बीजांड माज चालू असताना सुटत नाही, माज संपल्यावर साधारण दहा-बारा तासांनी सुटतं. सुटल्यावर ते काही तासच फळण्याजोगं राहतं. म्हणून माज दिसल्या दिसल्या घाई करूनही उपयोग नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबूनही नाही.

यासाठी सोपा नियम आहे. सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हशीलाही हाच नियम लावतात. एक अडचण आहेच. आपल्याला माज "दिसला" तेव्हा तो "सुरू" झालेला असतो असं नाही. रात्रभर कुणी बघितलंच नसेल तर सकाळचा माज खरं तर कालचा असू शकतो. म्हणून फोनवर डॉक्टरांना "माजावर आलीय" एवढंच सांगू नका. "काल रात्री दहाला नव्हता, आज पहाटे साडेपाचला सोट दिसला" असं सांगा. आमच्या धंद्यात बग कळवताना वेळ लिहिली नाही तर कुणी हात लावत नाही. इथंही तसंच.

गावातला एआय

ऑफिसात दिवसभर एआय-एआय चालतं. गावात एआय म्हणजे कृत्रिम रेतन, आणि हा एआय आपल्याकडे बराच जुना आहे. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला बाएफ संस्था उभी केली. शेतकऱ्याच्या दारात जाऊन गायी भरवण्याचं तिचं काम पुढे अनेक राज्यांत पसरलं. आज सरकारी दवाखाने, दूध संघ आणि खासगी सेवादाते हे काम करतात.

वळूचं वीर्य बारीक नळीत, म्हणजे स्ट्रॉमध्ये भरून उणे १९६ अंश तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. वापरताना स्ट्रॉ ३७ अंशाच्या कोमट पाण्यात साधारण ३० सेकंद धरतात. हे नुसतं हाताने चोळून किंवा खिशात ठेवून केलं तर शुक्राणू मरतात आणि दोष म्हशीवर येतो. त्यामुळे दारात आलेल्या माणसाकडे थर्मामीटर आहे का, हातमोजा आणि नवं आवरण वापरतोय का, हे बघणं आणि गोडीत विचारणं हा आपला हक्क आहे. "दादा, जरा कोमट पाणी देऊ का?" एवढं विचारलं तरी काम होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे स्ट्रॉवर छापलेला वळूचा नंबर. काम झालं की स्ट्रॉ फेकून देतात. तो मागून घ्या, फोटो काढा. का? तीन वर्षांनी तुमची कालवड माजावर येईल तेव्हा तिच्या बापाचंच वीर्य तिला दिलं जाऊ नये म्हणून. सख्ख्या रक्तात संकर झाला की वाढ खुंटते, दूध घटते, वासरं कमजोर निघतात. गावात एकच रेडा वर्षानुवर्षं सगळ्या म्हशींना दाखवला जातो तिथं हाच धोका असतो. शिवाय एका म्हशीचा रोग त्याच्यामार्फत दुसरीला जातो तो वेगळाच.

जातीबद्दल एवढंच. म्हैस पंढरपुरी असेल तर तिला चांगल्या पंढरपुरीचंच वीर्य द्यावं. सोलापूर, सांगली, कोल्हापूरच्या कमी चाऱ्यावर आणि उन्हात टिकणारी, तलवारीसारख्या लांब शिंगांची ही आपली जात आहे. गावठी, जात नसलेल्या म्हशीला मुऱ्हा चालते. होल्स्टिनचं रक्त वाढवत नेलं तर दूध वाढतं, पण उन्हाचा त्रास, गोचीड ताप आणि उलटण्याचं प्रमाणही वाढतं. लिंगनिर्धारित वीर्य वापरलं तर साधारण १० पैकी ९ वेळा मादी होते. मात्र गाभण राहण्याचं प्रमाण साध्या वीर्यापेक्षा थोडं कमी असतं. त्यामुळे ते निरोगी, नीट माजावर येणाऱ्या जनावरालाच वापरावं.

"उलटते" म्हणजे नेमकं काय

भरवल्यावर एकविसाव्या दिवशी पुन्हा माज आला तर जनावर उलटलं म्हणतात. एकदा उलटणं नेहमीचं आहे. तीनदा किंवा जास्त वेळा उलटलं तर डॉक्टरांकडून तपासणी झालीच पाहिजे. नुसती चौथी स्ट्रॉ भरून उपयोग नाही. कारण वेळेचं असेल, गर्भाशयातल्या संसर्गाचं असेल (सोट काचेसारखा नसून गढूळ किंवा पूमिश्रित दिसतो) किंवा पोटाचं.

पोटाचं कारण सगळ्यात जास्त दुर्लक्षित. व्याल्यावर जनावर जेवढं दुधात देतं तेवढं खाऊ शकत नाही, अंगातली चरबी झिजवतं. बरगड्या दिसायला लागल्या की शरीर आधी स्वतःला सांभाळतं, माज बंद करतं. अशा वेळी इंजेक्शन मारून माज आणला तरी फळत नाही. खुराक, हिरवा चारा आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे खनिज मिश्रण (मोठ्या जनावराला साधारण रोज ५० ग्रॅम) हा पाया. उन्हाळ्यात म्हशीला सावली, दिवसातून दोन-तीनदा पाणी मारणं किंवा डुंबायला डबकं. हे लाड नाहीत, तो तिच्या प्रजननाचा भाग आहे.

आणि एक ठाम गोष्ट. "एकवीस दिवसांनी माज दिसला नाही, म्हणजे गाभण" हे गृहीत धरू नका. मुका माज कुणी बघितला नसेल तरीही तो "दिसला नाही"च. भरवल्यापासून दोन-तीन महिन्यांत डॉक्टरांकडून गाभण तपासणी करून घ्या. नाहीतर आपण सात महिने गाभण समजून पेंड घालतो आणि शेवटी कळतं की पोटात काहीच नाही. ज्या घरात हे झालंय त्यांना विचारा.

लस टोचायची ती म्हशीला, वाचतो माणूसही

आता आरोग्याकडे येऊ, कारण प्रजनन आणि रोग वेगळे काढता येत नाहीत. लाळ्या-खुरकूत झाला की जनावर बरं होतं, पण दूध पूर्वीचं येत नाही आणि गाभण राहणंही लांबतं. त्याची लस दर सहा महिन्यांनी. घटसर्प आणि फऱ्याची वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी. २०२२ मध्ये लम्पीमुळे राज्यातले जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते, ते आठवत असेल. तेव्हा गायींना शेळ्यांच्या देवीची लस देऊन साथ आवरली. लस दिल्यावर एक-दोन दिवस दूध कमी होऊ शकतं, ते भरून येतं. त्या दोन लिटरसाठी लस चुकवणं हा तोट्याचा सौदा.

सगळ्यात कमी माहीत असलेला रोग म्हणजे ब्रुसेलोसिस, सांसर्गिक गर्भपात. गाभणपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत गर्भ पडतो, वार अडकते, पुढे जनावर उलटत राहतं. याची लस फक्त ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना आणि रेड्यांना नव्हे तर रेडींनाच, आयुष्यात एकदाच देतात. ती वेळ गेली की गेली. २०१९ मध्ये मथुरेतून सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस दोन्हींची लस मोफत आहे.

आणि हा रोग माणसाला होतो. कच्च्या दुधातून होतो, पडलेला गर्भ किंवा वार उघड्या हाताने उचलल्याने होतो. चढ-उतार करणारा ताप, सांधेदुखी, घाम, आणि महिनोन्‌महिने निदान लागत नाही. आपल्याकडे धारोष्ण दुधाची हौस मोठी, म्हणून स्पष्ट सांगतो, दूध उकळूनच प्या. गर्भ पडला तर हातमोजे घाला, तो चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांना ओढू देऊ नका आणि डॉक्टरांना कळवा. कुणाला असा ताप असेल तर माणसांच्या डॉक्टरांना "घरी जनावरं आहेत" हे आवर्जून सांगा.

व्याल्यावरचे दोन दिवस

पुढचा माज वेळेवर येणार की नाही, हे या दोन दिवसांतही ठरतं. वार पडली नाही म्हणून तिला वीट किंवा पायताण बांधायची पद्धत अजून आहे. ती सोडा. ओढाताणीत गर्भाशयाला जखम होते, संसर्ग होतो. बारा तासांत वार पडली नाही तर डॉक्टर.

"वार पडल्याशिवाय वासराला पाजायचं नाही" हाही समज. उलट वासरू ओढायला लागलं की पान्ह्याचा जो संप्रेरक सुटतो, तोच गर्भाशय आकसवून वार पडायला मदत करतो. आणि वासराला चीक पहिल्या एक-दोन तासांत मिळालाच पाहिजे, कारण रोगाशी लढायची ताकद त्याला आईच्या पोटात मिळत नाही, चिकातूनच मिळते. वजनाच्या दहावा हिस्सा हे माप, म्हणजे ३० किलोच्या वासराला दिवसभरात ३ लिटर, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. मग खरवसाची वाटी.

कासेबद्दल एकच सवय सांगतो. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तासभर उघडं असतं. तेवढ्यात जनावर शेणात बसलं की कासदाहाला आमंत्रण. म्हणून वैरण धारेनंतर टाका, खात उभं राहील.

मग मोबाइल कशाला?

आता तुमचं काम. प्रत्येक जनावरामागे मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये सहा नोंदी करा. व्याल्याची तारीख. त्यानंतर ६० दिवसांनी "माज बघायला सुरुवात". प्रत्येक दिसलेला माज, भरवलेला असो वा नसो. भरवल्याची तारीख, वेळ आणि स्ट्रॉचा फोटो. त्यापासून १८ व्या ते २४ व्या दिवसाची आठवण आणि ७५ व्या दिवसाच्या आसपास गाभण तपासणी. गाभण ठरली की विण्याची अंदाजे तारीख आणि त्याच्या ६० दिवस आधी "आटवायचं". वेगळं ॲप लागत नाही, जे फोनमध्ये आहे तेच पुरतं. कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबरही त्यातच लिहा. लसीकरण आणि रेतनाची सरकारी नोंद त्याच नंबरावर होते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक सेव्ह करून ठेवा.

घरातली माणसं पहाटे उठून बघतात, शेण काढतात, वैरण आणतात. तारीख लक्षात ठेवायचं ओझं तरी त्यांच्या डोक्यावरून आपण उचलू शकतो. आज रात्री घरी फोन कराल तेव्हा जेवलीस का, एवढं विचारून झालं की अजून तीन प्रश्न विचारा. कोणती कधी व्याली? शेवटचा माज कधी दिसला? भरवलेलीची तपासणी झाली का? एकाचं जरी उत्तर "ध्यानात नाही" असं आलं, तर तुमचं कॅलेंडर तिथूनच सुरू करा.

पुढच्या भागात मुरघासाबद्दल बोलू. तुमच्या गोठ्यातले प्रश्न पाठवत राहा. भेटूच!